सोळा शब्द आणि मधली ओळ

डायमांटे हा सात ओळींचा काव्यप्रकार आहे. पहिल्या ओळीत एक नाम. दुसरीत त्याची दोन विशेषणं. तिसरीत त्याच्याच तीन क्रिया. चौथीत चार नामं, त्यातली पहिली दोन वरच्या नामाची आणि पुढची दोन अजून न आलेल्या खालच्या नामाची. मग उतरण सुरू होते. पुन्हा तीन क्रिया, दोन विशेषणं, आणि सातव्या ओळीत एकटं नाम, पहिल्याच्या विरुद्ध टोकाचं. एकूण सोळा शब्द. ओळी मध्यरेषेवर लावल्या की पत्त्यातली चौकट कागदावर उभी राहते. अमेरिकेत आयरिस टीड्ट या शिक्षिकेने १९६९ साली हा प्रकार मांडला आणि इटालियन भाषेत हिऱ्याला जो शब्द आहे तोच त्याला नाव म्हणून दिला. जन्म शाळेसाठी झाला, त्यामुळे तिकडेही तो बहुतेकदा शाळेच्या फळ्यावरच राहिला. नाम, विशेषण, क्रियापद घोटून घ्यायचा खेळ अशीच त्याची ओळख आहे. मला मात्र तो मोठ्या माणसांनी मन लावून लिहावा असा प्रकार वाटतो, आणि गेली काही वर्षं मी तो मराठीत लिहिते आहे. ते कसं घडत गेलं, मराठीने त्यात कुठे अडवलं आणि कुठे हात दिला, ते सांगते.

त्याआधी मी हायकू लिहायचे. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी, आणि त्यांचं वाचून वही उघडणाऱ्या अनेकींतली मी एक. हायकूत दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि बाजूला व्हायचं. त्यांच्यात काय नातं आहे ते वाचणाऱ्याने जोडायचं. मला हळूहळू दुसरीच ओढ लागली. एका गोष्टीची दुसरी गोष्ट होताना बघायची होती. दिवसाची रात्र होते, लेकीची सून होते, भरल्या खाडीचा चिखल होतो. तो क्षण हायकूत पकडायला गेलं की एक तर आधीचं चित्र सुटतं नाहीतर नंतरचं. डायमांटेत दोन्ही टोकं नियमानेच बांधलेली असतात आणि सगळी जबाबदारी मधल्या ओळीवर येते. या प्रकाराकडे मी वळले ते या मधल्या ओळीसाठी.

शब्दांचा आकार करणं आपल्याकडे नवं नाही. संस्कृतात चित्रकाव्याची मोठी परंपरा आहे. भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या 'शिशुपालवधा'चा एकोणिसावा सर्ग अशा करामतींनी भरलेले आहेत. खड्गबंध, पद्मबंध, मुरजबंध, गोमूत्रिका अशी बंधांची नावंसुद्धा ऐकण्यासारखी. मराठीत मोरोपंतांनी ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं, त्यात प, फ, ब, भ, म यांना मज्जाव. पण हेही खरं की काव्यशास्त्राने या सगळ्याला मान दिला नाही. मम्मटाने काव्याच्या तीन पायऱ्या केल्या आणि चित्रकाव्य सर्वांत खालच्या पायरीवर बसवलं, कारण त्यात व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, नसतो. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. कवितेला तलवारीचा आकार दिला म्हणून ती कापत नाही. आकाराने अर्थासाठी काहीतरी काम केलं पाहिजे. चौकटीच्या आकाराला ते काम करता येतं: एक गोष्ट रुंदावत जाते, सगळ्यात रुंद जागी दुसरीत मिसळते आणि ती दुसरी अरुंद होत होत आपल्या नावापाशी येते. हे घडलं तर आकार सार्थ, नाहीतर ती नुसती मध्यरेषेवर लावलेली यादी.

पहिला प्रश्न जोडीचा. शाळेच्या पुस्तकात विरुद्धार्थी शब्द मधे फुली टाकून दिलेले असतात. शक्य × अशक्य, न्याय × अन्याय, सगुण × निर्गुण. अशा जोड्यांतून कविता निघत नाही. 'अ', 'अन्', 'निर्' लावून झालेला शब्द वरच्या शब्दाचीच नकारघंटा असतो. खालच्या तीन ओळी वरच्या तीन ओळींना 'नाही, नाही, नाही' म्हणत राहतात. काळा-पांढरा घेतलं तर मधे करडा रंग सोडून दुसरं काही मिळत नाही. जीवन-मरण एवढं अवाढव्य की चौथ्या ओळीत फक्त मोठाले शब्द येऊन बसतात, श्वास, ज्योत, चिता, राख, आणि ते कुणीही लिहिलेले असू शकतात.

चांगल्या जोड्या सापडल्या त्या बोलण्यात. मराठीत आपण विरुद्ध शब्द फुली टाकून वेगळे ठेवतच नाही, सरळ चिकटवून टाकतो. ऊनपाऊस, देणंघेणं, येणंजाणं, चढउतार, जमाखर्च, सुखदुःख, सासरमाहेर, भरतीओहोटी. व्याकरणात हे द्वंद्व समास. 'खरेखोटे', 'पापपुण्य' यांचा विग्रह 'किंवा' घालून होतो म्हणून वैकल्पिक द्वंद्व, 'आईवडील'चा 'आणि' घालून होतो म्हणून इतरेतर. शाळेत हे पाठ केलं होतं, पण त्याचा खरा उपयोग आत्ता झाला. ज्या दोन शब्दांना आपल्या भाषेने आधीच एकमेकांना चिकटवलंय, त्यांच्या मधे माणसांची पुष्कळ ये-जा झालेली असते. ती ये-जा म्हणजेच चौथ्या ओळीचा मालमसाला. वहीच्या मागच्या पानावर मी अशा जोडशब्दांची रांग करत गेले आणि त्यातून कवितेच्या जोड्या निवडू लागले.

दुसरा प्रश्न क्रियांचा, आणि तिथे मराठीने खूप वेळ घेतला. इंग्रजीत तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत 'इंग'ने संपणारे शब्द येतात, एकच प्रत्यय, प्रश्न मिटला. मराठीत एका 'चढ' धातूपासून चढणारी, चढत, चढताना, चढलेली, चढणं एवढं सगळं निघतं आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. 'चढणारी, शिरणारी, झाकणारी' लिहिलं की तीनदा 'णारी' वाजतं. शिवाय 'णारी' सवय सांगते, आत्ता काय चाललंय ते सांगत नाही. 'चढणं, शिरणं, झाकणं' ही तर नामंच झाली. मग पुढच्या ओळीतल्या नामांचं वजन आधीच खर्च होतं. 'चढताना' म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, चढताना काय झालं? उरलं 'चढत, शिरत, झाकत'. हे रूप लिंग-वचनाने बदलत नाही, आखूड आहे, आणि त्यात एक अपुरेपणा आहे. क्रिया संपलेली नाही, पुढे कलंडलेली आहे. तिसऱ्या ओळीला नेमकं हेच हवं असतं, कारण पुढे मधल्या ओळीत उतरायचंय. माझ्या जवळजवळ सगळ्या डायमांटे 'त' वर उभ्या आहेत.

लिंगाची गंमत वेगळी. इंग्रजीत विशेषण काही सांगत नाही. मराठीत सहाव्या ओळीतलं विकारी विशेषण येणाऱ्या नामाची चाहूल देतं. दिवस-रात्र घेतली आणि सहाव्या ओळीत 'गार, काळी' लिहिलं, तर शेवटचा शब्द स्त्रीलिंगी आहे हे वाचणाऱ्याला एक पाऊल आधी कळतं. कधी ते हवं असतं, कधी नको. नको असेल तेव्हा अविकारी विशेषणं शोधायची: शांत, दाट, उंच, उदार, खारट, कौलारू. ती कुणाच्याही पुढे तशीच राहतात.

आता भरती-ओहोटी. माझं गाव जयगडच्या खाडीकाठचं, शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूचं. ही जोडी मी लिहिणार हे ठरलेलंच होतं. भरती स्त्रीलिंगी, ओहोटीही स्त्रीलिंगी. दोन्हींची अक्षरं तीन. वरचा आणि खालचा भाग लवकर जमला. अडलं चौथ्या ओळीत. भरतीच्या बाजूला समुद्र होता, लाट होती, फेस होता, पाण्याखाली कमरेपर्यंत गेलेली तिवराची झाडं होती. ओहोटीच्या बाजूला चिखल, खेकडे, आणि तिसऱ्या, कालवं ही शिंपल्यांतली मासळी. दोन्हीकडे नामांची रेलचेल, पण ती दोन ढिगांत पडून राहिली. 'समुद्र, लाट, चिखल, कालवं.' लाट आणि चिखल यांच्या मधल्या स्वल्पविरामात काहीच घडत नव्हतं.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा शेजारच्या काकींबरोबर खडकावर कालवं काढायला गेले. काकींनी जन्मभर हे काम केलेलं. पाणी कधी भरेल हे त्या पंचांगावर सांगतात: तिथीची पाऊणपट करायची, तोच पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तो हिशेब या पाऊणपटीत आपोआप बसतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी ना फार चढत ना फार उतरत. हे सगळं मला लहानपणापासून ऐकून माहीत. मी विचारलं ते वेगळं.

"काकी, पाणी फिरलं हे नेमकं कशावरून कळतं?"

"होडीकडे बघ की. फिरली होडी की फिरलं पाणी."

समोर खाडीत नांगरून ठेवलेल्या होड्या होत्या. नांगराच्या दोरावर असलेली होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी जिकडून येतं तिकडे करून उभी राहते. पाणी आत येत असताना तिचं तोंड समुद्राकडे. ओहोटी लागली की ती हळूहळू आडवी होते आणि मग पूर्ण वळून तोंड खाडीच्या आतल्या बाजूला करते. मधे थोडा वेळ असा असतो की ओढ कुणाचीच नसते, होडी कशीही उभी असते. होडी तीच, जागा तीच. मला चौथी ओळ तिथे मिळाली. एकच नाम दोनदा लिहायचं, एक भरतीचं आणि एक ओहोटीचं.

भरती
अधीर, खारट
चढत, शिरत, झाकत
समुद्र, होडी, होडी, कालवं
हटत, सुकत, सोडत
उदार, सावळी
ओहोटी

नियमात चार नामं हवीत, तीच चार वेगवेगळी असावीत असं कुठे म्हटलेलं नाही. दोन 'होडी'मधला स्वल्पविराम म्हणजे पाणी उभं राहतं तो वेळ. मोठ्याने वाचताना तिथे जीभ आपोआप अडते, कारण तोच शब्द पुन्हा उच्चारायचा असतो. 'उदार' हा शब्द मी काकींसाठी ठेवला. शहरातून आलेल्याला ओहोटी म्हणजे ओसरणं, कमी होणं, ऱ्हास. 'उत्साहाला ओहोटी लागली' असं आपण बोलतोच. खाडीकाठच्या बाईला ओहोटी म्हणजे दुपारच्या कालवणाची सोय. ती देते, भरती झाकून ठेवते. 'सुकत'सुद्धा तिकडचाच, ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात.

अक्षरांचं आता सांगते, कारण आकाराचा खरा हिशेब तिथे आहे. इंग्रजीत ओळीतले शब्द वाढले की ओळ लांबते. मराठीत शब्द मोजून भागत नाही. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'ऊन' एक शब्द आणि 'पावसाळ्यासारखा' हाही एकच शब्द. दोन शब्दांची ओळ तीन शब्दांच्या ओळीहून सहज रुंद होते आणि चौकटीला पोट सुटतं. म्हणून मी अक्षरं मोजते. ही सवय आपल्या कानाला जुनीच आहे. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारचा, असं मोजूनच शेकडो वर्षं रचना झाली. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा धरायचा नाही. 'पत्र' दोन, 'समुद्र' तीन. वरच्या कवितेत अक्षरं अशी पडतात: तीन, सहा, नऊ, दहा, नऊ, सहा, तीन. मधली ओळ आतूनही सारखी आहे, तीन-दोन आणि दोन-तीन. हे आधी ठरवून केलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी शब्द घासत गेलं की असे योग जुळतात आणि जुळले की फार आनंद होतो.

लिहायची माझी पद्धत साधी आहे. रेघांच्या वहीत पेन्सिलीने चौकट काढते, पहिलं आणि शेवटचं नाम टोकांना लिहिते आणि लगेच मधल्या ओळीवर जाते. विशेषणं सगळ्यात शेवटी. विशेषणं आधी लिहिली तर ती नेहमीचीच येतात, निळा समुद्र, उंच डोंगर. नामं आणि क्रिया पक्क्या झाल्या की विशेषणाला काय काम उरलंय ते दिसतं, आणि पुष्कळदा ते रंगाचं किंवा उंचीचं नसतं, स्वभावाचं असतं. फोनवर कविता पाठवायची तर चित्र काढूनच पाठवावी लागते. व्हॉट्सॲपच्या निरोपात ओळी डाव्या कडेला जाऊन उभ्या राहतात आणि निम्मी कविता तिथेच जाते.

यानंतरची कविता वडिलांवर लिहायची होती. ते गिरणी कामगार. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या असंख्य घरांतला एक पुरुष मुंबईत आणि बाकीचं घर गावात, ही रचना कित्येक पिढ्या चालली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर हळूहळू तो मुंबईचा धागाच तुटला. मी आधी 'गिरणी–मॉल' अशी जोडी घेऊन बसले, कारण लोअर परळला गिरण्यांच्या जमिनींवर आज तेच दिसतं. पण त्या जोडीत मला रागच लिहिता येत होता. वडील त्यात कुठे सापडेनात. ते सापडले 'गाव–मुंबई'मध्ये.

गाव
शांत, कौलारू
पेरत, राबत, पाठवत
अंगण, पत्र, मनीऑर्डर, चाळ
जागत, धावत, कमावत
उंच, दमट
मुंबई

तिसऱ्या ओळीतला 'पाठवत' गावाचा आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. मुंबई पैसे पाठवते असं सगळे म्हणतात. गाव माणसं पाठवत होतं. मग मधल्या ओळीत पत्र गावाहून निघतं, मनीऑर्डर मुंबईहून निघते आणि दोघं वाटेत एकमेकांना ओलांडतात. कोकणाचा संसार मनीऑर्डरवर चालतो असं म्हणायची पद्धतच होती. त्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी थोडी जागा असायची. वडील तिथे बारीक अक्षरात लिहायचे: पैसे कशासाठी, कोणाला किती द्यायचे, गणपतीला येतो की नाही. एवढ्याशा जागेत सगळं घर बसवायचं. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि आजीला तो मजकूर वाचून दाखवायचा. आजी दोनदा वाचायला लावायची. मी आज मोजून सोळा शब्द लिहिते, त्यामागे ती जागा असावी असं मला मनापासून वाटतं.

या कवितेत सगळी विशेषणं अविकारी घेतली. गावाला आमच्याकडे 'तो गाव' म्हणतात, प्रमाण भाषेत 'ते गाव'. 'शांत, कौलारू' दोन्हीकडे चालतं. आणि 'उंच, दमट' वाचून मुंबई येणार हे लिंगावरून फुटत नाही. दमटपणा गिरणीतला आहे. कापसाचा धागा तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम ओलसर ठेवत, आणि वडील घरी आले तरी तो दमटपणा त्यांच्या छातीत असायचा. हे सगळं तीन अक्षरांत वाचणाऱ्याला कळेलच असं नाही. तरी शब्द निवडताना लिहिणाऱ्याला ते माहीत असावं. शब्दाची पकड त्यावर ठरते.

एका शाळेत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर हे करून बघितलं. मुलांनी आकार पटकन उचलला. चौकट काढायलाच त्यांना आवडली. त्यांच्याकडून एक चांगली गोष्ट झाली ती 'उन्हाळा–पावसाळा'च्या वेळी. चौथ्या ओळीत 'आंबा, धूळ, छत्री, डबकं' असं फळ्यावर लिहून झालं होतं. एका मुलाने विचारलं, वळीव कुठल्या बाजूला? मग वाद पेटला. वळीव पाऊस आहे, पण तो येतो उन्हाळ्यात. मृगाचा किडा पावसाळ्याचा, पण तो दिसतो तेव्हा जमीन नुकती भिजलेली असते, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. शेवटी ओळ झाली, 'धूळ, वळीव, मृगकिडा, डबकं'. आंबा आणि छत्री पुसली. धुळीवर वळवाचे थेंब पडतात, ओल्या मातीतून किडा वर येतो, मग डबकं साचतं. चारही नामं आता एका वाटेने चालत होती. पुस्तकातली फुली पुसून त्या जागी काय घडतं ते शोधायचं, हे मुलांना एकदा दिसलं की पुढे शिकवायला फार उरत नाही. तासाच्या शेवटी एका मुलीने 'शाळा–सुट्टी' लिहून दिली आणि मधे घंटा ठेवली होती. ती मला फार आवडली.

सध्या 'माहेर–सासर' लिहिते आहे. जोडी जुनी आहे, इतकी की तिच्याकडे बघायला भीती वाटावी. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी या दोन शब्दांमधलं अंतर पिढ्यान्‌पिढ्या मोजलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. मी त्या ऐकत राहिले, फक्त नामांसाठी. कुठल्या वस्तू, कुठली माणसं या दोन घरांमधे हिंडतात? दोन पुन्हा पुन्हा पुढे आली. बहिणीला न्यायला येणारा भाऊ, म्हणजे मुराळी. आणि परतताना बरोबर बांधून दिलेली शिदोरी. मुराळी माहेरचा, पण तो दिसतो सासरच्या वाटेवर. शिदोरी माहेरी रांधलेली, पण ती सोडली जाते सासरी. दोन्ही नामांना दोन्ही घरांचा वास. ही मिळाली तेव्हा मधली ओळ झालीच असं मला वाटलं.

वाद झाला तो विशेषणांवर. माझ्या पहिल्या खर्ड्यात दुसरी ओळ 'आपलं, परकं' होती आणि सहावी 'परकं, आपलं'. म्हणजे माहेर आपलं असतं ते परकं होत जातं, सासर परकं असतं ते आपलं होत जातं. आकारही सुरेख जमत होता, वरची ओळ खाली उलटी. मी तो खर्डा भावाच्या बायकोला वाचून दाखवला. आम्ही दोघी गावच्या घरी ओटीवर बसलो होतो. ते घर माझं माहेर आणि वहिनींचं सासर.

"ताई, माहेरापुढे परकं लावू नका," त्या म्हणाल्या. "ते घर परकं नाही होत. आपण पाहुण्या होतो."

मी म्हटलं, "वहिनी, पण सासरपुढे लावलेलं चालतं ना?"

"ते खरंच आहे. पहिली काही वर्षं मला इथलं पाणीसुद्धा परकं लागायचं. पण तुमच्या ओळीत आपलं नंतर येतंय, ते बरोबर आहे. तसंच झालं."

त्यांचं पटलं. दोन्ही टोकांना तेच शब्द उलटसुलट बसवले तर वाचणारा रचनेची सफाई बघतो आणि बाई मागे पडते. शिवाय त्यात दोन्ही घरं सारखीच ठरतात, आणि ज्या बाईने उंबरठा ओलांडला तिला ती सारखी नसतात. दुसरी ओळ बदलली. 'जातं' ठेवायचं की नाही यावरही बोललो, कारण आता दळण गिरणीतून येतं आणि आमचं जातं मागच्या पडवीत उभं करून ठेवलंय. पण माझ्या आईचं अर्धं आयुष्य त्यावर गेलं आणि माहेरच्या सगळ्या आठवणी तिने तिथे बसून म्हटल्या. ते काढलं तर पाचव्या ओळीतल्या क्रियांना बसायला जागा राहत नाही. आज कविता अशी आहे:

माहेर
मोकळं, हळवं
खेळत, रुसत, वाढत
आई, मुराळी, शिदोरी, जातं
दळत, गात, आठवत
परकं, आपलं
सासर

'आठवत' सासरच्या बाजूला आलं आहे, जरी आठवतं ते माहेर. खालच्या अर्ध्यातली ही एकच क्रिया वर बघते, आणि ती मला तिथेच हवी आहे. 'हळवं' अजून बदलेल. ते माहेराचं विशेषण नाही, माहेराबद्दल बोलणाऱ्याचं आहे. त्या जागी तीन अक्षरांचं, नपुंसकलिंगी, घराच्या अंगभूत गुणाचं काहीतरी हवंय. वहिनींनी 'उबारं' सुचवलं आहे, ते दोन दिवस तोंडात घोळवून बघते आहे. 'गात' शेजारच्या दोघांहून आखूड पडतं म्हणून 'गुणगुणत' घालून पाहिलं, पण मग पाचवी ओळ बारा अक्षरांची होते आणि मधल्या दहा अक्षरांच्या ओळीपेक्षा रुंद. ते चालणार नाही, तेव्हा 'गात'च राहील.